खुर्ची रिकामी करताना

१९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फिया शहरातील एका वर्तमानपत्रात एक लांबलचक निवेदन प्रसिद्ध झाले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यात आपल्या देशबांधवांना कळविले होते, की नव्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडीची वेळ जवळ आली आहे आणि त्या पदासाठी आपल्या नावाचा विचार होऊ नये. हे निवेदन पुढे ‘निरोपाचे भाषण’ म्हणून गाजले. पण वॉशिंग्टन यांनी ते कोठेही उभे राहून वाचले नाही. सभा नाही, हारतुरे नाहीत, तोफांची सलामी नाही. लोकांनी ते वर्तमानपत्रात वाचले, एवढेच.

त्यांना कोणी जा म्हटले नव्हते. राष्ट्राध्यक्षाने किती वेळा निवडून यावे, यावर त्या काळी राज्यघटनेत कसलेही बंधन नव्हते. १७८९ आणि १७९२ या दोन्ही निवडणुकांत प्रत्येक निर्वाचकाने त्यांना मत दिले होते. तिसऱ्यांदा ते उभे राहिले असते, तर त्यांना पाडण्याची ताकद कोणात नव्हती. त्या काळच्या जगात राज्यकर्ता खुर्ची सोडत असे तो बहुधा दोनच कारणांनी. एक तर त्याला मरण येई, नाही तर कोणी तरी त्याला खाली खेची. फ्रान्सच्या राजाचे मस्तक उडविले गेल्याला तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. अशा काळात हातातली सत्ता ठेवून एक माणूस घरी जायला निघाला.

आपल्याला याचे अप्रूप वाटावे, हे साहजिक आहे. गावच्या पतपेढीपासून साहित्य संस्थेपर्यंत, सहकारी साखर कारखान्यापासून आपण राहतो त्या इमारतीच्या सोसायटीपर्यंत, एकदा मिळालेली खुर्ची सुटता सुटत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. ‘लोकांचा आग्रह आहे’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की ते कोण बोलतो आहे हे पाहण्यासाठी मान वर करण्याचेही कारण पडत नाही. स्वातंत्र्य मिळविणे कठीण असते; पण मिळालेल्या स्वातंत्र्यात पहिल्या माणसाने दुसऱ्यासाठी जागा मोकळी करणे हे त्याहून कठीण असते. नव्याने स्वतंत्र झालेल्या अमेरिकेने आपल्या पहिल्या तीन राष्ट्राध्यक्षांच्या काळात हा धडा कसा गिरविला आणि त्या धड्याच्या वहीत कोणते पान कोरे राहिले, हे पाहण्याजोगे आहे.

वाट नसलेली भुई

१७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार झाली, तेव्हा त्या बैठकीच्या अध्यक्षपदी वॉशिंग्टनच होते. राष्ट्राध्यक्षपदाची कलमे लिहिताना पहिला राष्ट्राध्यक्ष कोण होणार, याविषयी सभागृहात फारशी शंका नव्हती. त्यामुळे असेल, पण त्या पदाविषयी राज्यघटनेत बरेच मोघम राहून गेले. अधिकार थोडक्यात लिहिले गेले; वागण्याची रीत लिहिली गेली नाही.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली. व्हर्जिनियातील मोठे जमीनदार असूनही हाताशी रोकड नसल्याने न्यूयॉर्कला जाण्यासाठी त्यांना कर्ज काढावे लागले होते. शपथविधीला त्यांनी मुद्दाम अमेरिकेत विणलेल्या तपकिरी कापडाचा साधा पोशाख केला. आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की या गृहस्थांना हाक मारायची कशी?

आज हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण सिनेटने त्यावर काही आठवडे घालविले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचे म्हणणे असे, की नुसते ‘प्रेसिडेंट’ म्हटले तर युरोपातील दरबारांत मान राहणार नाही; प्रेसिडेंट तर क्रिकेट क्लबलाही असतो. सिनेटच्या समितीने ‘हिज हायनेस’पासून सुरू होणारी आणि ‘स्वातंत्र्याचा संरक्षक’ येथे संपणारी भलीमोठी उपाधी सुचविली. प्रतिनिधीगृहाने ती मानली नाही आणि साधे ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे प्रेसिडेंट’ एवढेच ठरले. ॲडम्स यांच्या हाती मात्र फजितीच आली. त्यांच्या स्थूल देहावरून विरोधकांनी त्यांनाच एक ‘गोलमटोल’ उपाधी बहाल केली!

अशा लहानसहान गोष्टींतून ते पद घडत गेले. ऑगस्ट १७८९ मध्ये क्रीक या आदिवासी राष्ट्राशी करावयाच्या तहाबाबत सल्ला घेण्यासाठी वॉशिंग्टन स्वतः सिनेटमध्ये गेले. राज्यघटनेत ‘सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने’ असे शब्द आहेत, ते त्यांनी सरळ अर्थाने घेतले होते. सिनेटर मंडळींनी मात्र विषय समितीकडे सोपवावा, असा घोळ घातला. वॉशिंग्टन संतापले. सल्ल्यासाठी ते पुन्हा कधी असे सिनेटमध्ये गेले नाहीत, आणि पुढचे राष्ट्राध्यक्षही त्या वाटेने गेले नाहीत. एका दिवसाच्या रागातून दोनशे वर्षांची पद्धत पडली. मंत्रिमंडळाचेही तसेच. तो शब्द त्या राज्यघटनेत नाही. परराष्ट्र खात्याचे जेफर्सन, अर्थखात्याचे हॅमिल्टन, युद्धखात्याचे नॉक्स आणि ॲटर्नी जनरल रँडॉल्फ यांना वॉशिंग्टन एकत्र बसवून विचारविनिमय करू लागले आणि त्याची संस्था झाली.

आपण करू ते उद्या दाखला म्हणून पुढे केले जाईल, याची वॉशिंग्टन यांना पुरेपूर जाणीव होती. आपण अशा भुईवरून चालत आहोत जिथे अजून कोणाची पावले उमटलेली नाहीत, अशा अर्थाचे त्यांनी १७९० साली एका पत्रात लिहिले आहे. म्हणूनच त्यांच्या जाण्याला त्यांच्या येण्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

निघण्याचा सराव

खरे तर निघून जाण्याचा सराव त्यांनी आधीच केला होता. १७८२ साली लुइस निकोला नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांना पत्र लिहून राजेपदाकडे अंगुलिनिर्देश केला, तेव्हा वॉशिंग्टन यांनी त्याला इतके खरमरीत उत्तर दिले, की बिचाऱ्याने लागोपाठ माफीची पत्रे धाडली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले अधिकारी काँग्रेसविरुद्ध उठण्याच्या बेतात होते. वॉशिंग्टन यांनी त्यांच्यासमोर भाषण केले. त्याचा फारसा परिणाम दिसेना. मग एक पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांनी खिशातून चष्मा काढला. सेनापतीला चष्मा लागतो, हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. देशाच्या चाकरीत केस पिकले, आता दृष्टीही जाऊ लागली आहे, अशा अर्थाचे ते काहीसे ओशाळून बोलले आणि रागावलेल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बंडाचा बेत तेथेच विरला.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला ॲनापोलिस येथे काँग्रेसपुढे उभे राहून त्यांनी सेनापतिपदाचे अधिकारपत्र परत केले आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते माउंट व्हर्ननला आपल्या घरी पोचले. जिंकलेला सेनापती निमूटपणे शेतीकडे परततो आहे, यावर युरोपात कोणाचा विश्वास बसेना. वॉशिंग्टन खरोखरच असे करणार असतील तर ते जगातले सर्वांत थोर गृहस्थ ठरतील, असे उद्गार खुद्द इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या जॉर्जने, काढले, अशी आठवण चित्रकार बेंजामिन वेस्ट यांच्या हवाल्याने सांगितली जाते.

तथापि, १७९६ मधील त्यांच्या निर्णयाला केवळ त्यागाचे सोनेरी मखर करण्याचे कारण नाही. ते ६४ वर्षांचे होते आणि थकले होते. १७९२ सालीच त्यांना घरी जायचे होते. हॅमिल्टन आणि जेफर्सन यांचे एकमेकांशी हाडवैर असूनही, आपण राहावे एवढ्या एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते म्हणून ते राहिले. दुसऱ्या कारकिर्दीत इंग्लंडशी केलेल्या तहावरून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. वर्तमानपत्रे नाही नाही ते लिहू लागली. ज्यांच्या लेखणीने स्वातंत्र्ययुद्धाला बळ दिले त्या टॉमस पेन यांनीही त्यांना उघड पत्र लिहून ढोंगी ठरविले. या सगळ्याचा त्यांना वीट आला होता. घरी जाण्याच्या इच्छेत कर्तव्य किती आणि वैताग किती, याचा हिशेब आज कोणी मांडू शकणार नाही.

पण परिणाम मात्र मांडता येतो. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी वारले. त्यांनी तिसरी कारकीर्द घेतली असती, तर ती मार्च १८०१ पर्यंत चालली असती. म्हणजे पहिला राष्ट्राध्यक्ष खुर्चीतच मरण पावला असता. देशाने पहिल्याच धड्यात शिकून ठेवले असते, की हे पद मरेपर्यंतचे आहे. तीन वर्षांच्या अंतराने हे टळले.

४ मार्च १७९७ रोजी ॲडम्स यांचा शपथविधी झाला. त्या दिवशीच्या वॉशिंग्टन यांच्या प्रसन्न चेहऱ्याचे वर्णन ॲडम्स यांनी पत्नी ॲबिगेल यांना पत्रातून कळविले आहे. मी सुटलो, तुम्ही अडकलात, आता दोघांत सुखी कोण ते पाहू, असेच जणू ते मनात म्हणत असावेत, असे ॲडम्स यांना वाटले. समारंभ संपल्यावर नव्या उपराष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे जेफर्सन यांनी, वडीलकीच्या मानाने वॉशिंग्टन यांना पुढे जाऊ देण्यासाठी पाऊल मागे घेतले. वॉशिंग्टन यांनी त्यांनाच पुढे व्हायला लावले आणि आपण मागून चालू लागले, असे सांगतात. ते आता एक साधे नागरिक होते.

त्याच घरातून गेलेली दुसरी

येथे गोष्ट संपविता आली असती, तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण १७९६ या एकाच वर्षी फिलाडेल्फियातील राष्ट्राध्यक्षांच्या घरातून जाण्याची बातमी दोनदा वर्तमानपत्रात आली. एक सप्टेंबरमध्ये, जिच्याविषयी आपण वाचले. दुसरी त्याच्या चार महिने आधी, मे महिन्यात. ती एक छोटीशी जाहिरात होती. राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओनी जज नावाची मुलगी पळाली आहे, तिला परत आणून देणाऱ्यास १० डॉलर बक्षीस मिळेल.

ओना जज मार्था वॉशिंग्टन यांची गुलाम दासी होती, वय सुमारे बावीस. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार परगावच्या मालकाचा गुलाम त्या राज्यात सहा महिन्यांहून अधिक राहिला, तर तो स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून सहा महिने भरण्याआधी गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणावे आणि हे त्यांना व लोकांना कळू न देता करावे, अशी सूचना वॉशिंग्टन यांनी आपल्या चिटणिसाला दिली होती. आपल्याला बाईसाहेबांच्या नातीला भेट म्हणून दिले जाणार आहे, असे कळल्यावर ओनाने बेत केला. २१ मे रोजी घरची मंडळी जेवायला बसली असताना ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. ज्यांनी सत्तेवर पाणी सोडले, त्या वॉशिंग्टन यांनी या मुलीवरचा हक्क सोडला नाही. तिला परत आणण्याचे प्रयत्न ते अखेरपर्यंत करीत राहिले. ओना १८४८ साली वारली. कायद्याच्या लेखी ती तेव्हाही पळालेली गुलामच होती. हलाखीत दिवस काढूनही, पळाल्याचा पश्चात्ताप नाही, असे तिने म्हातारपणी भेटायला आलेल्या वार्ताहराला सांगितले.

वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना, पत्नीच्या पश्चात, मुक्त करण्याची तरतूद केली. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे आणि चौघेही गुलामांचे मालक होते. त्या चौघांत असे करणारे वॉशिंग्टन एकटेच. ॲडम्स यांनी कधीही गुलाम बाळगला नाही. ‘सर्व माणसे समान’ हे जाहीरनाम्यातले वाक्य लिहिणाऱ्या जेफर्सन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती.

हा डाग पुसायला त्या देशाला १८६५ पर्यंत थांबावे लागले आणि मध्ये एक भीषण यादवी युद्ध झाले. त्याची दखल आपल्याकडे पुण्यात बसून एका माणसाने घेतली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी दाखविलेल्या औदार्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आहे. ती अर्पणपत्रिका कोणा राष्ट्राध्यक्षाच्या नावे नाही, लोकांच्या नावे आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहाटे चारची गाडी

वॉशिंग्टन स्वेच्छेने गेले. हरून जाणे ही त्याहून अवघड परीक्षा होती. ती जॉन ॲडम्स यांच्या वाट्याला आली.

१७९६ ची निवडणूक ॲडम्स यांनी ७१ विरुद्ध ६८ मतांनी जिंकली होती. तेव्हाच्या नियमानुसार दुसऱ्या क्रमांकाचे जेफर्सन उपराष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे विरोधी पक्षाचा पुढारी सरकारातच! एके काळी स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकत्र बसून घडविणारे हे दोन मित्र आता एकमेकांशी बोलेनासे झाले. १७९८ साली फ्रान्सशी युद्धाच्या वातावरणात ॲडम्स यांच्या पक्षाने सरकारवरील टीकेला गुन्हा ठरविणारा कायदा केला आणि संपादकांना तुरुंगात घातले. या कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ अशी ठरविली होती. राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द संपण्याचा तोच दिवस. उद्या आपले विरोधक सत्तेवर आले तर हे हत्यार त्यांच्या हाती लागू नये, एवढी दूरदृष्टी त्यांच्याकडे होती! मतदारांनी तुरुंगातल्या एका काँग्रेस सदस्याला पुन्हा निवडून देऊन आपले मत कळविले.

ॲडम्स यांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. स्वपक्षातील लढाऊ मंडळींच्या विरोधात जाऊन त्यांनी फ्रान्सशी समेट केला, वाढविलेले लष्कर १८०० साली विसर्जित केले आणि त्याची किंमत निवडणुकीत मोजली. त्या वर्षी जेफर्सन यांना ७३ आणि ॲडम्स यांना ६५ मते मिळाली. गुलामांना मताचा अधिकार नसताना, त्यांची तीनपंचमांश शिरगणती धरून दक्षिणेला जादा निर्वाचक मिळत. ते वगळले तर ॲडम्स जिंकले असते, असा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. लोकशाहीच्या या पहिल्या सत्तांतराच्या पायातही तो डाग होताच.

पण पेच निराळाच पडला. जेफर्सन यांचे सहकारी ॲरन बर यांनाही ७३ मते पडली होती. त्या काळी राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांसाठी वेगवेगळी मते नव्हती. त्यामुळे निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला. सोळा राज्ये, प्रत्येकी एक मत, विजयाला नऊ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ पासून मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. पस्तीस फेऱ्यांत जेफर्सन आठाच्या पुढे सरकेनात. कारकीर्द संपायला तीन आठवडे उरले होते आणि राष्ट्राध्यक्ष ठरत नव्हता. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियात नागरी सेना सज्ज करण्याच्या गोष्टी चालू झाल्या. अखेर १७ तारखेला डेलावेअरचे एकुलते एक प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी माघार घेतली, आणखी काहींनी त्यांचे अनुकरण केले आणि छत्तिसाव्या फेरीत जेफर्सन निवडून आले. हा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून १८०४ साली राज्यघटना दुरुस्त करण्यात आली.

या दिवसांत ॲडम्स नव्या राजधानीतल्या अर्धवट बांधलेल्या वाड्यात राहत होते. तोच पुढचा व्हाइट हाऊस. त्याच्या एका मोठ्या दिवाणखान्यात ॲबिगेलबाई कपडे वाळत घालीत. निवडणूक हरल्याच्या सुमारास त्यांचा तरुण मुलगा चार्ल्स दारूपायी गेला होता. ४ मार्च १८०१ रोजी, जेफर्सन यांच्या शपथविधीच्या दिवशी, पहाटे चार वाजता ॲडम्स घोडागाडीत बसून राजधानी सोडून गेले. विजयी प्रतिस्पर्ध्याला शुभेच्छा देण्याइतके मोठे मन त्यांना त्या दिवशी करता आले नाही. दुपारी जेफर्सन आपल्या खानावळीवजा बिऱ्हाडातून पायी चालत कॅपिटॉलमध्ये गेले आणि आपण सारे एकच आहोत, मतभेद म्हणजे तत्त्वभेद नव्हे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले.

ॲडम्स यांच्या त्या पहाटेच्या प्रयाणाला रडेपणा म्हणून हिणविले गेले आहे. पण तिकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. सेनापतिपद त्यांच्याकडे होते. निकाल लांबला होता, गोंधळ माजला होता. सत्ता टिकविण्यासाठी निमित्त हवेच असते, तर ते समोर होते. त्यांनी ते वापरले नाही. ते रुसले, पण गेले. लोकशाहीला प्रत्येक पुढाऱ्याचे मन मोठे असण्याची गरज नसते. गाडीत बसून निघून जाण्याइतके भान त्याला असले तरी पुष्कळ झाले.

मैत्री आणि लिलाव

जेफर्सन यांनी दोन कारकिर्दी पुऱ्या केल्या. तिसऱ्यांदा उभे राहावे, असा काही राज्यांच्या विधिमंडळांनी आग्रह केला, तेव्हा १८०७ साली वॉशिंग्टन यांचा दाखला देऊन त्यांनी नकार दिला. मॅडिसन आणि मन्रो यांनीही तेच केले. एका थकलेल्या माणसाचे घरी जाणे ही आता रीत झाली होती.

इकडे दोन जुन्या मित्रांचा अबोला चालूच होता. १८०४ साली जेफर्सन यांची मुलगी वारली, तेव्हा ॲबिगेलबाईंनी न राहवून त्यांना पत्र लिहिले. ही मुलगी आठ वर्षांची असताना लंडनमध्ये त्यांनी तिला जिव्हाळ्याने सांभाळले होते. (तेव्हा तिच्या सोबतीला आलेली चौदा वर्षांची दासी म्हणजे सॅली हेमिंग्ज. पुढे तिला जेफर्सन यांच्यापासून मुले झाली, हे आता बहुतेक इतिहासकार मानतात.) तो पत्रव्यवहार जुन्या तक्रारींत अडकला आणि थांबला. अखेर बेंजामिन रश या दोघांच्याही स्नेह्याने मध्यस्थी केली आणि १८१२ च्या नववर्षाच्या सुमारास ॲडम्स यांनी पहिले पत्र पाठविले. त्यानंतर चौदा वर्षे हे दोन म्हातारे एकमेकांना लिहीत राहिले. सत्तेविषयी, धर्माविषयी, पुस्तकांविषयी, दुखण्यांविषयी. खुर्चीने तोडलेली मैत्री खुर्ची सुटल्यावर जुळली.

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, दोघेही काही तासांच्या अंतराने वारले. जेफर्सन ८३ वर्षांचे होते, ॲडम्स ९० वर्षांचे. हा योगायोग अमेरिकेत घरोघरी सांगितला जातो. त्यानंतरची घटना तितकीशी सांगितली जात नाही. जेफर्सन यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्या माँटिसेलो येथील घरी लिलाव झाला. त्यात भांडीकुंडी होती, गुरे होती आणि १३० माणसे होती. आईबाप एकीकडे आणि लेकरे दुसरीकडे अशी कुटुंबे फुटली.

रीत आणि कायदा

दोन कारकिर्दींची ही न लिहिलेली मर्यादा १४४ वर्षे पाळली गेली. १९४० साली महायुद्धाच्या छायेत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ती ओलांडली. ते चार वेळा निवडून आले आणि एप्रिल १९४५ मध्ये पदावर असतानाच वारले. मग १९५१ साली राज्यघटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीने कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून येण्यास बंदी घालण्यात आली. रीत मोडली, तेव्हा कायदा करावा लागला.

पण सगळेच कायद्यात बसविता येत नाही. हरलेल्याने हार मान्य करावी, असे कलम कोणत्याच राज्यघटनेत नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणूक निकालाच्या मोजणीच्या वेळी जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला, तेव्हा जगाने हे डोळ्यांनी पाहिले. त्याच रात्री काँग्रेस पुन्हा बसली आणि पहाटेपर्यंत मोजणी पुरी झाली. दोन आठवड्यांनी डोनाल्ड ट्रम्प नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला न थांबता निघून गेले. ॲडम्सही थांबले नव्हते. पण ॲडम्स यांनी निकाल नाकारला नव्हता, हा फरक आहे. २०२५ च्या जानेवारीत तेच ट्रम्प पुन्हा शपथ घेत असताना मावळते राष्ट्राध्यक्ष जो बायडेन समोर बसले होते. दोनशे वर्षांची रीत एका सकाळी मोडू शकते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाळली जाऊ शकते. प्रत्येक वेळी ती कोणा तरी माणसाला पाळावी लागते.

विसाव्या शतकात स्वतंत्र झालेल्या देशांचा अनुभव हेच सांगतो. इंडोनेशियाचे सुकार्नो १९६३ साली तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. १९६७ मध्ये सत्ता गमावून बसले. घानाच्या एन्क्रुमा यांनी १९६४ साली देशात एकच पक्ष ठेवला. १९६६ मध्ये ते परदेशात असताना लष्कराने त्यांना पदच्युत केले. दोघेही स्वातंत्र्यलढ्याचे खरेखुरे नायक होते. उलट टांझानियाचे न्येरेरे १९८५ साली आपणहून गेले आणि दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला १९९९ साली अवघ्या एका कारकिर्दीनंतर. कोणाचे देश लगेच सुखी झाले असे नाही. पण जाण्याची वाट तरी उघडी राहिली.

आपले राष्ट्रपतिपद निराळे. खरी सत्ता पंतप्रधानांकडे. तरीही एक साम्य आहे. राष्ट्रपतीने पुन्हा निवडणूक लढविण्यास आपल्या राज्यघटनेच्या ५७ व्या कलमानुसार मुभा आहे, मर्यादा नाही. डॉ. राजेंद्रप्रसाद १९५० पासून १९६२ पर्यंत त्या पदावर होते. नंतर ते पाटण्याच्या सदाकत आश्रमात जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी तेथे वारले. त्यांच्यानंतर एकाही राष्ट्रपतीला दुसरी कारकीर्द मिळालेली नाही. कोणी कायदा केला नाही, रीत पडली. अशा रिती आपल्याकडे पंचायतीपासून संसदेपर्यंत आणखी किती पडू शकल्या असत्या आणि का पडल्या नाहीत, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पहिल्या राष्ट्राध्यक्षांची पूजा करण्याची गरज नाही. त्यांनी नव्या राष्ट्राला सत्ता सोडण्याची सवय लावली आणि त्याच राष्ट्रात माणसांवरची मालकी सोडली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाभोवती घडल्या. त्यातली पहिली गोष्ट आपण शिकावी. आणि दुसरी विसरू नये. कारण राष्ट्राध्यक्षाला त्या घरातून मानाने बाहेर पडता यावे, याची काळजी सगळ्यांनी घेतली होती. ओना जजला मात्र जेवणाची वेळ साधून निघावे लागले.